वीस उत्तरं

चाचणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे पास नाहीतर नापास. एवढं शहाणपण आमच्या जिल्ह्यात शाळेची पायरी न चढलेल्यालाही असतं. दहावीच्या निकालात कोकण पहिलं आलं की आम्ही बंदरावर पेढे वाटतो, घरचं पोर परीक्षेला बसलेलं असो वा नसो. सावित्री याच मुलखातली. त्यामुळे बुधवारी संस्कृतीची चाचणी असल्याची चिठ्ठी शाळेतून आली, तेव्हा ती धास्तावलीच.

संस्कृती तिची एकुलती एक मुलगी, वय वर्षं नऊ. नाव एवढं भारदस्त, आणि ते तिला लिहिता येत नव्हतं. बाप ट्रॉलरवर खलाशी, घरी कमी आणि समुद्रात जास्त. सावित्री लिलावात मासळी घेऊन बाजारात विकायची. वाडीत पोरीला सगळे ‘येडी’ म्हणत. प्रेमानं म्हणतो, असं वर सांगत. शाळेत विनोद गुरुजींनी तिला मागच्या भिंतीशी बसवून टाकलं होतं. मारत नसत, विचारतही नसत.

गुरुवार तेवढा वेगळा. दर गुरुवारी हेतल बाई यायच्या. मागे पडणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठीच त्यांची नेमणूक होती. त्यांनी पोरीला आधी नुसतं तपासलं. हे येतं का, ते येतं का, कुठे अडतं. सगळं वहीत टिपलं. चित्रातले आंबे तिला मोजता येत नव्हते, पण आईच्या मासळीच्या पाटीतल्या बांगड्यांचे पाच-पाचचे वाटे ती न चुकता लावायची. झालं, बाई खायच्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या घेऊन यायला लागल्या आणि वर्षभरात पोर वाट्यावाट्यानं वीसपर्यंत पोचली. बुधवारी झोपताना ती विचारायची, “आये, उद्या गुरुवार ना गो?”

चिठ्ठीत ‘अध्ययनगरजा निश्चिती’ असे शब्द होते. असले शब्द वाचून कोणाचं भलं झालंय? हेतल बाईंनी सांगितलं होतं, “ताई, तयारी करून घेऊ नका. तिला जसं येतं तसंच सांगू दे.” सावित्रीनं मान डोलावली आणि मनात हसली. अभ्यास काहीच घेतला नाही हो, असं तर पहिल्या नंबरवाल्या पोरांच्या आयाही सांगतात.

त्यात शनिवारी वाडीतल्या सोहमची चाचणी त्याच्या शाळेत झाली. सोहमचा पाय अधू, पण डोकं सुरीसारखं. सावित्रीनं त्याला बोलावून ताटात तळलेला बांगडा वाढला, आणि त्यानं वीसच्या वीस प्रश्न ओळीनं सांगून टाकले. प्रश्न सगळ्यांना तेच, हेही सांगितलं. पेपर असा तळलेल्या मासळीवर फुटला.

रविवार, सोमवार, मंगळवार. सावित्रीनं तीन दिवस मासळीची पाटी उचलली नाही. दार लावून पोरीला पुढ्यात बसवलं आणि उलथणं हातात घेतलं.

“पयला काय?”

“छत्री.”

“दुसरा?”

पोर गप्प. उलथणं तळहातावर बसलं.

“बैल! बैल म्हण!”

“बैल.”

“तिसरा?”

“सात.”

सात कशाचे, हे पोरीला ठाऊक नव्हतं. प्रश्न शिकवायच्या भानगडीत सावित्री पडलीच नाही. उत्तरं ओळीनं आली म्हणजे झालं. पहिल्या दिवशी पोरीचे तळहात लाल झाले, दुसऱ्या दिवशी सुजले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती छत्रीपासून विसाव्या ‘रविवार’पर्यंत एकदाही न अडखळता गेली. सावित्रीनं तिला कुशीत ओढलं आणि रडत रडत म्हणाली, “शाबास गो माजे बाये!” नऊ वर्षांत आईच्या तोंडून तिनं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असेल. तळहात दुखत होते तरी ती हसत होती.

बुधवारी चाचणी घ्यायला परक्या बाई आल्या. त्या दिवशी त्यांना चाळीस पोरं उरकायची होती. मान कागदात घालून त्यांनी विचारलं, पोरीनं सांगितलं, त्यांनी खुणा केल्या. वीसपैकी वीस.

निकालावर शेरा होता, ‘सर्वसाधारण. विशेष साहाय्याची गरज नाही.’ सावित्रीनं वाडीभर पेढे वाटले. ज्यांनी ‘येडी’ म्हटलं होतं त्यांना मुद्दाम दोन-दोन दिले.

पुढच्या गुरुवारी हेतल बाई शाळेत नाही, थेट घरी आल्या. “ताई, काय केलंत?”

सावित्रीनं कौतुकानं सगळं सांगितलं, उलथण्यासकट. बाई ओट्यावर बसल्या.

“अहो, डॉक्टरकडे जाताना कोणी ताप लपवून जातं का? तिला काय येत नाही, तेच बघायचं होतं. त्यावरून पुढचं शिकवणं ठरणार होतं. आता तिचं नाव यादीतून गेलं. मला तिच्याकडे यायची परवानगी नाही.”

सावित्रीच्या हातातला पेढ्यांचा खोका तसाच राहिला.

खरा भोग पुढेच होता. विनोद गुरुजींच्या हाती कागद पडला आणि त्यांनी संस्कृतीला मागच्या भिंतीपासून उठवून पहिल्या बाकावर आणलं. “वीसपैकी वीस! म्हणजे इतकी वर्षं ढोंग करत होतीस तर!” फळ्यावरचं वाचता आलं नाही की बोटांच्या पेरांवर पट्टी. बेरीज चुकली की दाराबाहेर उभी. पूर्वी वेडी म्हणून सुटत होती. आता हुशार म्हणून मार खाऊ लागली. पंधरा दिवसांत ती अंथरूण ओलं करायला लागली. शिंपल्यांना हात लावीना.

शेवटी सावित्री तिला घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली. हेतल बाई सोबत होत्या. वाटेत सावित्रीनं पोरीला बजावलं, “आज कोनी काय इचारलान तरी बोलायचा नाय. समाजलीस?” पोरीनं मान हलवली. परवापर्यंत न बोलण्याबद्दल मार होता, आज बोलायचं नव्हतं.

साहेबांनी कागद पाहिला. “ही तर नॉर्मल आहे.”

“नाय साहेब, मी घोकून घेतलंय तिच्याकडून. मारून. माजी चूक झाली. परत बघा तिला.” लोकांसमोर अशी कबुली द्यायला सावित्रीसारख्या बाजारात भांडणाऱ्या बाईला किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच माहीत.

“तीन दिवसांत वीस उत्तरं क्रमानं पाठ केली, मग मंद कशी? उलट तल्लख म्हणायला हवी.” साहेब स्वतःच्या तर्कावर खूश झाले. “तरी तुमचं समाधान करतो.” त्यांनी तीच प्रश्नपत्रिका मागवली.

“सर, निदान क्रम तरी बदला,” हेतल बाई म्हणाल्या.

“व्हय साहेब, शेवटचा पयला इचारा!” सावित्रीनं हात जोडले. “येकच उलटा इचारा, लगेच कळंल तुमाला!”

“चाचणीचा क्रम बदलता येत नाही. नियम आहे. आणि आता मध्ये बोलू नका.” साहेबांनी चष्मा लावला. “हं बाळ, पाऊस आला की आपण काय घेतो?”

संस्कृतीनं आईकडे पाहिलं. सावित्रीनं डोळे वटारून ‘नाही’ अशी मान हलवली. ते वटारलेले डोळे पोरीला पक्के माहीत होते. त्यानंतर उलथणं येतं. तिनं हात पाठीमागे लपवले आणि घाईघाईनं म्हणाली, “छत्री.”

“शाबास. शेतात नांगर कोण ओढतं?”

“बैल.”

“आठवड्याचे दिवस किती?”

“सात.”

विसाव्यापर्यंत ती कुठेही अडली नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, शिपायाकडून बिस्किटाचा पुडा मागवून तिला दिला आणि सावित्रीला म्हणाले, “नशीबवान आहात. अशा पोरीला अपंगांच्या यादीत घालायला निघालात? चाचणी आता पुढच्या वर्षी.”

बाहेर आल्यावर हेतल बाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या निघून गेल्या. मायलेकी कचेरीच्या पायरीवर बसल्या. संस्कृतीनं पुडा फोडला नव्हता.

“आये, मी सगळा बरोबर सांगितला ना?”

“व्हय.”

“मंग बाई गुरुवारी येतील?”

सावित्रीला खोटं बोलता आलं असतं. तिनं ते बोलावं असं मलाही वाटतं. पण ती पार थकली होती. “नाय येणार. तुला सगळा येता म्हनून नाय येणार.”

पोरीनं पुडा खाली ठेवला आणि दोन्ही तळहात आईपुढे पसरले.

“मंग माला मार, आये. म्हंजे मी सगळा इसरंन.”