काळ्या मण्यांचा आवाज

आश्विनातलं कोवळं ऊन फुलपाड्याच्या आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजांच्या सावल्या घेऊन उतरे, आणि त्या उन्हात वहिनींच्या मंगळसूत्राचा आवाज येई. काळे मणी बोटांतून घसरत, सोन्याच्या दोन वाट्या एकमेकींना लागत, आणि तो बारीक, कोरडा नाद कुकरच्या शिट्टीआधी घराला जागं करी. परक्याला वाटे, बाई जप करते आहे.

जप नव्हता तो. माझा भाऊ, म्हणजे दादा, वालीवच्या कारखान्यात मशीनवर उभा असताना त्याला काही होऊ नये, म्हणून वहिनी वाट्या चाचपत. आणि हात खाली येतो न येतो तोच शंका वर येई, की नीट चाचपल्या का? पोळी तव्यावर करपे, बादली भरून वाहे, दारात आलेला माणूस ताटकळे, पण बोटं थांबत नसत. वाट्या चाचपून कोणी वाचत नाही, हे त्यांना आमच्याइतकंच कळे. पण नुसतं कळून सुटका होत नव्हती, आणि चांदीपच्या भातखाचरांत वाढलेली, चार माणसांत मोकळी हसणारी ही धडधाकट बाई त्या दोन वाट्यांपाशी अडकून पडली होती. माझा नवरा गेला आणि मी त्यांच्याकडे राहायला आले; तेव्हापासून मी समोर आले, की ती बोटं दुप्पट वेगाने चालत. मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू?

मनाच्या आजारांवरच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं, औषध दिलं, आणि एक अवघड धडा दिला: जिथे भीती वाटते तिथेच उभं राहायचं आणि हात आवरायचा. पुढे त्यांनीच मुंबईच्या एका इस्पितळात चाललेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. एमआरआयच्या यंत्रात माणूस स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूचे कोणते भाग एकाच वेळी जागे होतात, एकाच वेळी निवतात, आणि त्यावरून कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे, ते तिथे पाहत. या आजारात ती जोडणी कशी असते, हे त्यांना शोधायचं होतं. वहिनी म्हणाल्या, आमच्या माहेरी शेतावरचा पंप सुरू झाला की पलीकडच्या घरांतले दिवे मंद होत. पंप आणि ती घरं एकाच तारेवर आहेत, हे त्यावरूनच कळे. डॉक्टरीणबाई हसल्या आणि साधारण तसंच म्हणाल्या. या चित्रांनी तुम्ही बऱ्या होणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. वहिनींनी तरीही होकार दिला.

पण ते यंत्र म्हणजे प्रचंड चुंबक. अंगावर धातूचा कणही चालत नाही. पहिल्या खेपेला वहिनी त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि गळ्यावर हात दाबून परत फिरल्या. दादाने तोड काढली, की तेवढ्यापुरते काचेचे मणी साध्या दोऱ्यात ओवून घाल.

"आजार दोऱ्यात जाऊन बसंल," वहिनी म्हणाल्या. "काय नको."

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघीच गेलो. पांढऱ्या, सावली न पडणाऱ्या उजेडात वहिनींनी जोडवी काढली, कुड्या काढल्या. तिथल्या मुलीने कुलूपबंद कप्पा दाखवला. मग त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. मी आपण होऊन बाजूला झाले. हळदीकुंकवाला आतल्या खोलीत जाऊन बसायची सवय, ती पाय विसरत नाहीत.

"सुनंदा, हात कर फुडं."

मी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता, पण आवाज पाटावरवंट्यासारखा ठाम होता.

"कप्प्यात ठेवलं तर मी कायच केलं नाय. तूच धर."

आणि त्यांनी आपलं सौभाग्य माझ्या विधवेच्या ओंजळीत ठेवलं. मणी अजून त्यांच्या अंगाने कोमट होते. त्या मागे न पाहता आत गेल्या.

काचेपलीकडे यंत्र ठोके देऊ लागलं. वहिनींचे हात पोटावर होते. एकदा उजव्या हाताची बोटं उचलली गेली, हवेत थरथरली. हललं तर चित्र बिघडणार होतं. बोटं पुन्हा खाली टेकली, आणि टेकलेलीच राहिली. इकडे माझाच अंगठा वाट्यांवरून फिरू लागला होता: दादा ठीक असेल ना? इतकी वर्षं ही बाई काय सोसत होती, ते मला त्या घटकेला उमगलं. मी मूठ घट्ट मिटली.

बाहेर आल्यावर वहिनींनी मंगळसूत्र मागितलं नाही, दादाला फोनही केला नाही. आधी पाणी प्यायल्या, सावकाश. मग मानेवरचे केस बाजूला घेऊन माझ्याकडे पाठ केली. मी आकडा अडकवला; त्यांची मान स्थिर होती.

आजार अजून घरात आहे, पण पाहुण्यासारखा. आवाज क्वचित येतो. काळाने माझ्या गळ्यातलं नेलं ते परत येणार नाही. पण आता एखाद्या सकाळी ते मणी वाजत नाहीत, तेव्हा त्या शांततेत मला माझा नवरा आठवतो, आणि त्या आठवणीला या घरात बाजूला उभं राहावं लागत नाही.