उंबरठ्याच्या आतला बूट

मी एक बूट बोलतोय. उजवा. आम्ही दोघं अगदी सारखे आहोत असं डावा म्हणेल. पण दुखरी टाच माझ्या वाट्याला आली होती, तेव्हा बोलायचा मानही माझाच.

माझा जन्म कारखान्यातला. टाचेखाली जाड मऊ गादी आणि तळव्याच्या कमानीखाली छोटा उंचवटा, एवढंच मी जन्मतः घेऊन आलो. दुकानात सिर्पाने मला वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "दिसतोय काळ्या पावासारखा. पण असू दे."

सिर्पा बावन्न वर्षांची. फिनलंडमधल्या एका छोट्या गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. घरात ती आणि तिची आई हिल्का. शिवाय एक नियम: बूट दारातच. पाद्री येवो नाहीतर पोलीस, आत यायचं ते मोज्यांवर. दोन वर्षं मी दारामागच्या पायपुसण्यावर काढली. आतून कॉफीचा वास यायचा, हसणं ऐकू यायचं. घर म्हणजे माझ्यापासून चार हातांवरचा परदेश!

जानेवारीतल्या एका सकाळी आतून किंकाळी आली. सिर्पाने पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं होतं.

"टाचेत कुणी खिळा ठोकला गं आई!"

दहा-बारा पावलांनंतर दुखणं कमी झालं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पुन्हा हजर.

"सौना घे," हिल्का म्हणाली. सिर्पाने वाफेत बसून बर्चच्या डहाळ्यांनी टाच बडवून काढली. टाच लाल झाली, खिळा तसाच.

"अनवाणी चाल मग. पाय मजबूत होतात." तीन आठवडे ती लाकडी जमिनीवर अनवाणी चालली आणि शेवटी कोंबडीसारखी लंगडायला लागली.

मग आम्ही व्यायामोपचार करणाऱ्या सारेलाबाईंकडे गेलो. तिथेही मला काढलंच, पण खुर्चीखाली जागा मिळाली, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. बाईंनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला. सिर्पा खुर्चीतून वीतभर उडाली.

"सापडलं," सारेलाबाई खूश. "टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त ताण पडला की तो टाचेपाशी दुखावतो. रात्रभर आखडून बसतो आणि सकाळी पहिल्या पावलाला तुम्ही त्याला एकदम ओढता. घरात पायात काय असतं?"

"मोजे."

"आणि बाकी?"

"बाकी काय? बूट घालू का घरात?" सिर्पा हसली.

"हो. घाला."

खुर्चीखाली माझ्या नाड्या थरथरल्या.

सिर्पाने घसा खाकरला. "जूनमध्ये मला नाचता येईल ना?"

गोष्ट अशी होती. मध्यग्रीष्माच्या सणाला तळ्याकाठच्या मांडवात नाच असतो. गेल्या वर्षी फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवणाऱ्या यार्मोने तिला नाचायला बोलावलं होतं आणि सिर्पा म्हणून बसली होती, "पुढच्या वर्षी बायकांनी जोडीदार निवडायची वेळ आली की मी विचारेन तुम्हाला." त्यानंतर वर्षभरात, त्याची गाडी शाळेत आली की, दोघं फक्त शाळेतल्या वाटाण्याच्या सूपबद्दल बोलले होते. ती उठलीच नाही, तर यार्मो काय समजायचं ते समजणार आणि तिसऱ्या वर्षी विचारणार नाही.

"किती नाचायचंय?"

"दोन गाणी." एकदा विचारलं की दोन गाणी सोबत, ही तिथली रीत.

"जमावं. पण व्यायामात खंड नको. आणि त्या पातळ तळाच्या नाचाच्या चपला अजिबात नकोत. याला महिने लागतात, बरं का."

घरी महायुद्ध झालं.

"बूट? आत?" हिल्का ओरडली. "मग घोडाही आण! सोफ्यावर बसव!"

"आई, मला नाचायचंय."

"यार्मोबरोबर?"

सिर्पा खाली वाकून माझ्या नाड्या नीट करायला लागली. हिल्काने मला उचललं, सौनात नेलं आणि डांबराच्या साबणाने माझा तळ असा घासला की मला माझं नाव आठवेना. मग भिंग लावून तपासला. "एक अट," ती म्हणाली. "हा आता बाहेर जाणार नाही. एकदा बाहेर पडला की पुन्हा आत नाही."

आणि मी उंबरठा ओलांडला! गालिचा! खिडकीतली फुलं! डावा तर आनंदाने पलंगाच्या पायावर आपटला.

तेव्हापासून रोज सकाळी सिर्पा पलंगावर बसूनच पाय मांडीवर घेते, बोटं नडगीकडे ओढते, दहा मोजते, असं दहा वेळा. मग जमिनीऐवजी थेट माझ्यात पाय घालते. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणते. एक दिवसाआड बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर टाचा सावकाश वर-खाली करते. संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली मोजा घालून तळव्याखाली फिरवते. शाळेसाठी तिने जाड तळाची जोडी घेतली. मी हिशोब ठेवला: पहिल्या आठवड्यात दुखणं दहापैकी आठ, सहाव्या आठवड्यात सहा, नवव्यात पुन्हा सात (बाईसाहेबांना बरं वाटलं म्हणून तीन दिवस व्यायाम बुडवला होता), अठराव्यात दोन.

सणाची संध्याकाळ आली. नाचाच्या लाल चपला कपाटातून डोळे मिचकावत होत्या. सिर्पाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गेला तर गेला हं तो," हिल्का म्हणाली.

"माहितेय," म्हणत सिर्पाने नाड्या बांधल्या. मी गालिच्याचा मनातल्या मनात निरोप घेतला.

मांडवात बायकांनी जोडीदार निवडायची वेळ पुकारली. फुलाफुलांचा झगा आणि काळ्या पावासारखे बूट, अशी सिर्पा ताठ मानेने पलीकडे गेली.

"उठा. सांगितलं होतं ना, विचारेन म्हणून!"

"मला वाटलं, विसरलात," यार्मो म्हणाला आणि उठताना खुर्चीच पाडली.

दोन गाणी! तो माझ्यावर चार वेळा चढला, डाव्यावर एकदा. माझा रबरी तळ लाकडावर घसरेना, म्हणून प्रत्येक गिरकीला आम्ही उडीच मारत होतो. लोक हसत होते, सिर्पा सगळ्यांत जास्त. टाच? गप्प होती!

परत आलो तेव्हा हिल्का दारात उभी. माझ्या तळाला अख्खा तळ्याचा काठ चिकटलेला. मी स्वतःच पायपुसण्याकडे वळलो. सिर्पाने मला काढलं आणि हिल्काने उचललं.

"आई, अट आहे ना..."

"मग उद्या सकाळी पहिलं पाऊल काय हवेत टाकणारेस? साबण आण."

रविवारी यार्मो कॉफीला आला. रीतीप्रमाणे त्याने आपले काळे बूट दारात काढले आणि मोज्यांवर आत आला. पहिल्याच पावलाला त्याने ओठ चावला आणि उजवी टाच हळूच उचलली. मी पाहिलं. सिर्पाने पाहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सकाळीच दुखते फक्त," तो म्हणाला. "दिवसभर गाडीच्या पायऱ्या चढतो ना. जाईल आपोआप."

वाचकहो, हेच ते वाक्य! असं म्हणून अनवाणी फिरू नका. अंथरुणातून उठण्याआधी बोटं ओढा, कुणा जाणकाराला टाच दाखवा आणि धीर धरा. आमच्यासारख्या एखाद्याला स्वच्छ धुऊन आत घ्या.

हिल्काने कॉफीचा कप खाली ठेवला, दारापाशी गेली आणि यार्मोचे काळे बूट नाड्यांना धरून उचलले.

"सिर्पा," ती म्हणाली, "भिंग कुठे ठेवलंयस?"