सात दिवस तोंड बंद

ऑनलाइन गेम सोडल्याला तीन वर्षं झाल्यावर चष्म्याच्या दुकानाचा मालक चष्मेवाला परत आला तो थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, एका निरोपावर. "परत ये. टोळीला तुझी गरज आहे," एवढंच दादानं गेममधून त्याच्या फोनवर कळवलं होतं. आईच्या आजारपणात कोण किती जागलं, यावरून या दोघा घोड्यांनी बोलणं टाकलं होतं. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. पण समोरासमोर बोललं तर नाक कापलं जातं ना!

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं खातं उघडलं तर पाटी झळकली: "पुन्हा स्वागत! सुरक्षेसाठी सात दिवस संदेश, भेटी आणि लढाया बंद." म्हणजे तीन वर्षांनी उगवलेला हा इसम चोर असावा, असा त्या गेमवाल्या दीडशहाण्यांचा संशय. एकेकाळच्या सेनापतीला त्यांनी नवशिक्यांच्या रानात लाकडं तोडायला धाडलं. तिथं एक ससा त्याला चालायचं कसं ते शिकवू लागला.

"मला शिकवतोस होय रे?" चष्मेवाला सशावर खेकसला.

गेममधल्या टोळीचं आपसातलं बोलणं त्याला वाचता येत होतं, पण त्यात लिहिता येत नव्हतं. आणि टोळीचा नियम असा, की आलेल्यानं आधी सगळ्यांना नमस्कार लिहायचा. न लिहिणारा माजलेला. दादानं दहा मिनिटं वाट पाहिली. मग चारचौघांत लिहिलं, "आले बघा साहेब. ताठा अजून तोच."

चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. डबा घेऊन आलेल्या बायकोनं सगळं ऐकून कपाळावर हात मारला.

"अहो, हातात फोन आहे ना? लावा की दादांना. सांगा, बंदी आहे म्हणून."

"मी का लावू? मोठा तो आहे!"

"धन्य आहात दोघं," म्हणून ती डबा आपटून निघून गेली.

सात दिवस या चाळिशीच्या बाप्यानं लाकडं तोडली. गेमवाल्यांना लाखोली वाहिली. एका म्हातारीला भलत्याच नंबरच्या काचा बसवून दिल्या आणि वर तिलाच सुनावलं. दादाला फोन करायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण तेवढं अर्धं मिनिट साहेबांकडे नव्हतं.

आठव्या दिवशी बंदी उठली. दादा हजरच होता. चष्मेवाल्यानं लिहिलं, "दादा, माझं चुकलं." त्या तीन शब्दांकडे बराच वेळ बघत बसला. मग पुसून टाकले आणि नव्यानं लिहिलं, "आठ दिवसांत एक फोन तरी करायचास."

आणि पाठवून दिलं.