माझ्याखालचा निळा बूट

मी एक जुना दरवाजा आहे. करडा, पोलादी आणि बोजड. डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डबाहेर तीस कुटुंबांची एक सहवसाहत आहे. तिच्या सामाईक घरात, सर्वांचे स्वयंपाक-जेवणाचे दालन आणि जिना यांच्यामध्ये मी गेली सेहेचाळीस वर्षे उभा आहे. आग लागली तर तासभर ती अलीकडे रोखून धरायची, म्हणजे वरची माणसे जिना उतरून पलीकडच्या दाराने बागेत जातील, एवढेच माझे काम. त्यासाठी मला एकच गोष्ट लागते, मित्रांनो. मी मिटलेला असलो पाहिजे.

मला एस्किल्डने बसवले. तेव्हा ही माणसे आपली वसाहत स्वतःच्या हातांनी बांधत होती. दर शनिवारी श्रमदान, आणि मग सर्वांना एकाच पातेल्यातले वाटाण्याचे सूप. एस्किल्डची बायको टोवे बिजागऱ्यांना तेल घालत होती. मला आपोआप ओढून घेणारा लोखंडी हात लावून झाल्यावर तिने मला उघडून सोडले. मी सावकाश मिटलो.

"किती शहाणा आहे बघ," ती नवऱ्याला म्हणाली.

उभ्या आयुष्यात माझे एवढेच कौतुक झाले. ते मला पुरले.

पुढे ती माणसे म्हातारी झाली. एस्किल्ड गेला. नवी कुटुंबे आली. त्यांनी भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या, ओकचे लांब टेबल आणले, वर कागदी दिवे टांगले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे दार बघितलं की खाटीकखान्यात जेवल्यासारखं वाटतं," प्रेबेन सभेत म्हणाला. तो इमारतींचे आराखडे काढतो.

"आणि सारखं मिटतं मेलं! बागेत जेवायला जाताना हातात ताटं, आणि ढकलायचं ढुंगणानं," यिते म्हणाली. सगळे हसले. "माझी तर भूकच मरते त्याच्याकडे बघून."

"भूक मरू दे," टोवे म्हणाली. "माणसं मरायला नकोत. वर मुलं असतात, यिते."

"अगं टोवे, इतक्या वर्षांत कधी काडी तरी पेटलीय का इथे?"

या वसाहतीत मतदान नसते. सर्वांचे एकमत होईपर्यंत बसायचे, असा इथला रिवाज आहे. एकजण अडला की निर्णय अडतो. टोवे दोन सभा अडली. तिसऱ्या सभेत सगळे तिच्याकडे इतक्या गोड सहनशीलतेने पाहत राहिले की तिची मान खाली गेली.

"करा काय ते," ती म्हणाली.

वहीत लिहिले गेले, 'एकमताने'. एखादी गोष्ट सर्वांनी मिळून ठरवली म्हणजे चूक कोणाचीच नसते, हे मला त्या दिवशी कळले.

माझ्या चौकटीवर लिननचा पडदा आला. मी दिवसभर उघडा राहावा म्हणून यितेने एक जुना लाकडी बूट निळा रंगवला, त्यावर डेझीची फुले काढली आणि तो माझ्याखाली खुपसला. "कित्ती गोड!" सगळे म्हणाले. मला किळस आली. तळलेल्या माशांची वाफ माझ्या कडांवर बसून चिकट होई. तो सुंदर पडदा त्या चिकट्याला डकून राही, आणि तो कोणी धूत नसे.

खरी किळस वर्षातून एकदा यायची. सुरक्षेचा तपासनीस आधी कळवून येई. त्या सकाळी पडदा खाली, बूट कपाटात. तो मला उघडून सोडी, मी इमानाने मिटे. तो कागदावर खूण करी आणि दालचिनीची गोड पोळी खाऊन जाई. फाटक वाजले की प्रेबेन म्हणे, "चला, बुटाला कामावर बोलवा!" अशा दिवशी मला स्वतःच्या मिटण्याचीही लाज वाटे.

दर गुरुवारी जेवणाआधी टोवे वरच्या खोलीत मुलांना विणकाम शिकवी. वर जाताना ती काठीने बूट बाजूला सारी. कोणीतरी तो परत खुपसून ठेवी.

अशाच एका गुरुवारी स्वयंपाकाची पाळी प्रेबेनची होती. तो मांसाचे गोळे तळत होता. कढईतले तेल पेटले. घाबरून त्याने त्यावर पाणी ओतले. ज्वाळा छताला लागली, पडदा पेटला आणि धूर माझ्यातून जिन्यावर चढू लागला. सगळे अंगणात पळाले. बूट कोणीही काढला नाही.

"आस्टा कुठाय?" प्रेबेन बाहेरून ओरडला. आस्टा त्याची मुलगी. ती वर होती, आणखी तीन मुलांबरोबर.

टोवे एकटी खाली आली. तिची कंबर वाकत नव्हती. ती शेवटच्या पायरीवर बसली आणि दोन्ही पायांनी बूट ढकलू लागली. तो चिकट्याने घट्ट बसला होता. ती खोकत राहिली, ढकलत राहिली. बूट निसटला आणि मी मिटलो. एका बाजूने मी भाजत होतो. दुसऱ्या बाजूने मुले एकमेकांचे हात धरून बागेत उतरत होती.

"टोवे, मला माफ कर," प्रेबेन रडत म्हणाला.

"मला पण," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "'करा काय ते' मीच म्हणाले होते ना!"

तिची फुप्फुसे पुन्हा पूर्वीसारखी झाली नाहीत. आता ती जिना चढत नाही. मुलेच विणकाम घेऊन तिच्या घरी जातात.

दोन वर्षे मी मिटलेला राहिलो. माझ्यावरचा काळा डाग मात्र लोकांना खुपत होता. त्यावर पांढरा रंग लावला गेला. आणि गेल्या सोमवारी, मित्रांनो, कोणीतरी माझ्याखाली एक कुंडी सरकवली. छान निळी कुंडी आहे. तिच्यात अजमोदा लावला आहे.

तुमच्याही इमारतीत माझ्यासारखे एखादे कुरूप दार असेल, आणि त्याच्याखाली काहीतरी सुंदर खुपसलेले असेल. ते लाथेने दूर सारा. कोणाचे एकमत होण्याची वाट पाहू नका. टोवेला आता ते जमत नाही.