एकोणीस नंबरचा नमुना

जिवंत माणसाचा मेंदू तपासायला कोण काढून देणार? म्हणून दंडावरची मसुराएवढी कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन त्यांच्यातही सापडतं का ते मोजायचं, हे तिचं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. तुलनेला धडधाकट म्हातारे हवेत, आणि ते इकडे फिरकत नाहीत. मग काय, घरचेच धरून आणायचे! तिनं बाबांना आणलं. नमुना क्रमांक एकोणीस. खरं तर नंबर कुणाचा हे तिला कळायलाच नको होतं, पण चिठ्ठी तिनंच डकवली होती.

एकोणीसमध्ये प्रथिन दुप्पट निघालं.

आधी तिनं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर खापर फोडलं. त्यानंच बशा बदलल्या असणार, धांदरट मेला! पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. आकडा जागचा हलेना. साहेब म्हणाले, "अगं, कातडीवरून मेंदूचं निदान होत नाही. जमेल का, तेच तर शोधतोय आपण." तिनं मान डोलावली. पण संशयाचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

बाबा जुने घड्याळजी. अजूनही घरी चार घड्याळं दुरुस्तीला यायची. मोहरीएवढा स्क्रू कुठल्या डबीत आहे ते डोळे मिटून सांगायचे. ती त्यांच्यावर पाळत ठेवू लागली. त्यांनी एकच किस्सा दोनदा सांगितला, की ही वहीत तारीख टिपायची. शेवटी तिनं परीक्षाच घ्यायची ठरवली. चष्मा टेबलावरून उचलून फडताळात ठेवला. मग किल्ल्या. मग भिंग. बाबा घरभर शोधायचे, आणि ही दाराआडून मिनिटं मोजायची. लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

महिन्याभरानं जेवता जेवता बाबांनी ताट बाजूला सारलं.

"रागावू नकोस. मी परवा डॉक्टरकडे जाऊन आलो."

"का? काय होतंय?"

"ठेवलेल्या जागी वस्तू सापडत नाहीत गं. लोकांची घड्याळं आज परत करून आलो. हत्यारांची पेटीही देऊन टाकली. उगाच कुणाची वस्तू हरवायला नको."

"बाबा, त्या वस्तू मी हलवत होते! मीच!"

बाबांनी तिचा हात थोपटला.

"माझं मन राखायला असं खोटं बोलू नकोस, बाळा."