सोमवारचं पाणी

सावली गावाजवळच्या, भात वाफवून उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीत मी रुजू झाले, त्या दिवशी बॉयलरच्या खोलीत जे होतं ते वहीत उतरवून घेतलं. एक बॉयलर, त्यात बहात्तर नळ्या. दोन दाबमापक, त्यातला एक बंद. पाणी मऊ करायची एक टाकी. मिठाची एकोणीस पोती. खिडकीपर्यंत चढलेला तुसाचा ढीग. आणि बॉयलर चालवणारे लटारूभाऊ.

माझं काम पाणी तपासायचं. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना फार. तो अडवणारी टाकी रोज मिठाच्या पाण्यानं धुवावी लागते, नाहीतर चुना बॉयलरच्या नळ्यांवर थर धरतो आणि थराखालचं लोखंड तापून मऊ पडतं. लिटरमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

त्या वर्षी मुंबईच्या एका प्रायव्हेट इक्विटी फंडानं गिरणीतला मोठा वाटा घेतला. चार वर्षांत गिरणी वाढवायची आणि विकायची, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत मोकळेपणानं सांगितलं. वाफवायच्या टाक्या दोनाच्या चार झाल्या. बॉयलर तोच राहिला. मग खर्च कमी करायची यादी आली, तिच्यात मीठही होतं. टाकी रोज न धुता फक्त रविवारी संध्याकाळी धुवायचं ठरलं.

मी व्यवस्थापक प्रफुल सरांना सांगितलं की हे चालणार नाही. ते म्हणाले, फंडाच्या फॉर्ममध्ये आकडा बिघडला तर बघू. फॉर्ममध्ये पाण्यासाठी आठवड्याला एकच रकाना होता: सोमवार, सकाळी आठ. आकडा दोन यायचा, कधी तीन. मुंबईत रकाना हिरवा व्हायचा. बाकीच्या दिवसांचं पाणी कुणी मागितलं नाही आणि मी तपासलं नाही. तपासलं असतं तर लिहावं लागलं असतं.

लटारूभाऊ एकदा माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून हसले. "पुनम मॅडम, तुमच्या बाटलीत सोमवारचं पानी. माह्या बॉयलरले तं शुक्रवारचंई प्या लागते. शुक्रवारी काऊन येत नाई? चहा पाजतो."

मी म्हटलं, येईन. गेले नाही.

मीठ कमी केल्यापासून अकराव्या महिन्यात, शुक्रवारी दुपारी, एक नळी फुटली. भट्टीच्या तोंडातून वाफ आणि निखारे बाहेर आले. लटारूभाऊ तूस टाकत होते. त्यांना आधी चंद्रपूरला आणि तिथून नागपूरला नेलं. सोमवारी पहाटे ते गेले.

त्याच दुपारी फंडाचे दोघं आले. गिरणीच्या विक्रीची बोलणी सुरू होती, त्यांना कारण लवकर हवं होतं. त्यांनी माझी नोंदवही मागितली आणि सगळे सोमवार पाहिले. पाणी चांगलं होतं, म्हणजे नळी पाण्यामुळे गेली नाही, असं त्यांनी मांडलं. मग उरलं एकच: चालवणाऱ्यानं बॉयलरमधली पातळी खाली जाऊ दिली. अहवालात "कामगाराची चूक" असं लिहिलं. खाली माझी सही हवी होती. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी लटारूभाऊंची बायको केसरबाई प्रयोगशाळेच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. गावात लोक काय बोलतात ते तिनं सांगितलं: डुलकी लागली असेल, घेतली असेल. नवऱ्यानं बावीस वर्षं दारूला हात लावला नव्हता, हेही सांगितलं.

"तुमी शिकलेल्या आहा," ती म्हणाली. "खरं सांगा बाई. याईनं पानी कमी पडू देल्लं का?"

मला माहीत नव्हतं. तिला बसायला स्टूल देऊन मी बॉयलरच्या खोलीकडे गेले. बॉयलरला सील होतं. बाहेरच्या, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या हौदाला नव्हतं. शुक्रवारी दुपारपासून तो तसाच भरलेला होता. प्रफुल सर मागून हाक मारत होते. मी बाटली भरून परत आले.

शंभर मिलिलिटर नमुना घेतला, सूचक टाकला. पाणी लाल झालं, म्हणजे चुना होता. केसरबाई बघत होती. ते निळं व्हायला मोजणीचं अठरा पूर्णांक चार मिलिलिटर द्रावण लागलं; एका मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम चुना. पुन्हा केलं, तेवढंच लागलं.

अहवालावर सही केली नाही. नोंदवहीत सोमवारच्या ओळीखाली नवी ओळ आखली आणि लिहिलं: शुक्रवार, दुपार. लिटरमागे १८४ मिलिग्रॅम.