कात्रीचे तीन आवाज

गिऱ्हाइकाच्या केसांना हात लावण्याआधी न्हावी कात्री हवेत दोनदा वाजवायचा, मग जरा थांबून तिसऱ्यांदा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायको म्हणायची, "अहो, केस कापताय की दवंडी पिटताय?"

चाळीस वर्षांत त्याची कात्री एकदाच चुकली, तीही घरच्याच गिऱ्हाइकावर. सात वर्षांच्या पोराला शिंक आली आणि डाव्या कानाची पाळी चिरली, ती खाच कायमची राहिली. पुढे तोच पोरगा दुकानात बसायला नको म्हणाला आणि नौदलात भरती झाला. निघायच्या दिवशी मुद्दाम खुर्चीत येऊन बसला, तर बापाने पाठ फिरवली. "जातोयस तिथेच कापून घे." त्याला दोन वर्षं झाली. मग युद्ध पेटलं. पत्रं आईच्या नावाने यायची आणि बाप ती चोरून वाचायचा.

आज सकाळी शत्रूच्या पाणबुडीने पोराचंच जहाज गावच्या किनाऱ्यासमोर फोडलं. मच्छीमारांनी होड्या लोटल्या, हाताला लागेल तो माणूस ओढून आणला. दुपारपर्यंत शाळेचे वर्ग वाचलेल्या खलाशांनी भरले. इंजिनाच्या तेलाने सगळे इतके काळे झाले होते की जन्मदात्यांनाही ओळख पटेना. डॉक्टरीणबाईंनी न्हाव्याला बोलावणं धाडलं. "तेल केसांतून डोळ्यांत उतरतंय. सगळ्यांचे केस काढा."

बायकोने गरम पाण्याची बादली धरली. प्रत्येक डोक्यापाशी कात्री तीनदा वाजायची आणि मग अंगठा हळूच डाव्या कानावर जायचा. पाळी धड असायची. ती धड बघून, हा आपला नाही म्हणून तो हिरमुसायचा, आणि त्याची त्याला लाजही वाटायची. हाही कुणाचा तरी पोरगाच होता. मग तो त्याची मान जरा जास्तच हळुवार पुसायचा.

सदतीस डोकी झाली. अडतिसावा भिंतीकडेच्या बाकांवर निपचित पडला होता. डोळ्यांवरून कानांपर्यंत पट्टी, फक्त टाळू आणि ओठ उघडे.

"हा शेवटचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीचे..." आणि त्यांनी खिडकीतून धक्क्याकडे बघितलं. बाकीचे धक्क्यावरच्या शेडमध्ये चादरींखाली होते. घरच्यांना ओळख पटावी म्हणून त्यांचेही केस काढायला, इथलं आटोपून न्हाव्याला तिथेच जायचं होतं.

कान बघायची सोय नव्हती. मन घट्ट करून त्याने कात्री वाजवली. दोनदा. मग जरा थांबून तिसऱ्यांदा.

पट्टीखालचे ओठ हलले. "कान सांभाळा, बाबा."

बादली कलंडली. आईने पोराचे पाय छातीशी धरले. न्हावी कात्री तशीच धरून उभा.

"अहो, कापा की!" बायको रडता रडता ओरडली. "दोन वर्षं ताटकळलंय पोर."

"पुन्हा लागायचं गं त्याला."

"लागू दे," पोरगा म्हणाला. "पाठ तेवढी फिरवू नका."

तास लागला, पण कानाला धक्का लागला नाही. मग आईला त्याच्या उशाशी बसवून न्हावी शेडकडे गेला. पहिल्या चादरीपाशी तो खाली बसला. तिथे घाई कुणालाच नव्हती. त्याने कात्री दोनदा वाजवली, थांबला, मग तिसऱ्यांदा वाजवली, आणि ओठ हलतात का ते बघत राहिला.